नॉक सेन्सरचं सर्किट: ३५०० आरपीएमच्या वर एलईडी विझतच नाही

उलटा_डायोड (धागाकर्ता):
मंडळी, जरा डोकं लावा. चार सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन आहे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८० मिमी, हेड घासून कॉम्प्रेशन थोडं वाढवलंय आणि डिस्ट्रिब्युटर काढून प्रोग्रामेबल इग्निशन बसवलंय. आता टायमिंगचं टेबल भरायचंय, पण कानावर किती भरवसा ठेवणार, म्हणून नॉक, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी टकटक, पकडणारा डिटेक्टर स्वतःच बनवायला घेतला. सेन्सर भंगारातला आहे, मधे बोल्टचं भोक असलेला चपटा, दोन वायरवाला. त्याच्या दोन टोकांत १० के चा रेझिस्टर, पुढे एलएम३५८ ऑपअँपचा एक गेन स्टेज, दुसऱ्या अर्ध्यात ७ किलोहर्ट्झचा बँडपास (तेवढाच पट्टा पुढे सोडणारा फिल्टर), मग डायोड-कपॅसिटर, मग एलएम३९३ कंपॅरेटर, थ्रेशोल्ड ठरवणारं पॉट आणि एलईडी. आयडलला एलईडी बंद, ब्लॉकवर पान्याने टकटक केलं की लुकलुकतो, इथवर सगळं छान. पण ३५०० आरपीएमच्या वर गेलं की एलईडी जो पेटतो तो पेटलेलाच. पॉट फिरवून तो बंद केला तर खाली १८०० ला फुल लोडवर मला स्वतःला पिंकिंग (नॉकची टकटक) ऐकू येतंय आणि एलईडी मात्र ढिम्म. कुणीतरी सांगितलं फिल्टर अजून टाईट कर, म्हणून क्यू (फिल्टर किती अरुंद आहे त्याचा आकडा) २० पर्यंत नेला, काडीचा फरक नाही. काय चुकतंय?

ग्रीसचे_हात:
सर्किटचं ही मंडळी सांगतीलच, मी लोखंडाचं विचारतो. सेन्सर कुठे बसवलायस? खाली वॉशर टाकलायस का? त्या जागेवर पेंट आहे का?

उलटा_डायोड:
२ आणि ३ नंबर सिलिंडरच्या मधे, ब्लॉकच्या वरच्या बाजूला, तिथे एक रिकामा टॅप केलेला बॉस मिळाला. स्प्रिंग वॉशर आहे, बोल्ट सैल होऊ नये म्हणून. पेंट आहे थोडा, खरवडला नाही.

ग्रीसचे_हात:
जागा एक नंबर निवडलीस. पण वॉशर काढून टाक, स्प्रिंगवाला असो नाहीतर साधा. हा सेन्सर म्हणजे पिझो रिंगवर ठेवलेलं एक वजन, ब्लॉकची थरथर त्याच्या खालच्या चकतीतून जशीच्या तशी पोचली पाहिजे, मधे काहीही मऊ किंवा लवचिक आलं की ७ किलोहर्ट्झ तिथेच मेलं. पेंट खरवडून धातू चकचकीत कर, पृष्ठभाग सपाट पाहिजे, बोल्ट एम८ आणि टॉर्क २० न्यूटन मीटर, टॉर्क रेंचनेच. अंदाजाने आवळू नकोस, टॉर्क बदलला की सेन्सिटिव्हिटी बदलते, आज एक रीडिंग उद्या दुसरं. सर्व्हिसला आलेल्या गाडीत नॉक सेन्सरचा कोड लागलेला असतो, लोक सेन्सर बदलतात आणि निघतो नुसता सैल बोल्ट, असं बऱ्याचदा बघितलंय.

सोल्डरची_धुरी:
आता सर्किट. पहिला आक्षेप त्या १० के ला. पिझो सेन्सर म्हणजे सिरीजमधे कपॅसिटर असलेला सोर्स, या चपट्या सेन्सरचं कपॅसिटन्स हजार पिकोफॅरडच्या आसपास असतं. त्याला १० के लोड दिलं की आपोआप हायपास फिल्टर तयार होतो आणि त्याचा कॉर्नर येतो १५.९ किलोहर्ट्झवर, म्हणजे तुझ्या ७ किलोहर्ट्झचा सिग्नल ४० टक्केच उरतो आणि वरची खरखर मात्र बऱ्यापैकी शाबूत राहते. १ मेगओहम लाव, कॉर्नर १६० हर्ट्झला जाईल. म्हणजे नॉक दाबणारा आणि कचऱ्याला वाट देणारा फिल्टर तू दारातच बसवलायस. वायर लांब असेल तर तिचं कपॅसिटन्ससुद्धा सेन्सरच्या पॅरलल येऊन व्होल्टेज खातं, मीटरभर शिल्डेड वायरला साधारण शंभर पिकोफॅरड धर. चार्ज अँप्लिफायर केला तर वायरच्या लांबीचा प्रश्नच मिटतो, फीडबॅकमधे १ नॅनोफॅरड आणि पॅरलल १ मेगओहम, झालं काम. दोन्ही वायर सिग्नल म्हणून आण, शिल्ड फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंड कर, इंजिनाकडे मोकळी सोड.

दुसरा आक्षेप एलएम३५८. बिचारा स्वस्त आणि मस्त, पण गेन-बँडविड्थ जेमतेम १ मेगाहर्ट्झ. ७ किलोहर्ट्झवर त्याच्याकडे गेन उरतो दीडशेच्या आत, आणि मल्टिपल फीडबॅक बँडपासला २ गुणिले क्यू वर्ग याच्या कितीतरी पट गेन लागतो. क्यू २० म्हणजे ८०० पाहिजे! तुझा तो टाईट फिल्टर कागदावर ७ ला असेल, बोर्डावर तो कुठे बसलाय हे फंक्शन जनरेटर लावल्याशिवाय कळणार नाही. शिवाय ५ व्होल्टवर याचं आउटपुट साडेतीनच्या वर जात नाही. एमसीपी६०२२ घे, १० मेगाहर्ट्झ, रेल-टू-रेल, ५ व्होल्टवर खुशाल चालतो. टीएल०७२ चा मोह टाळ, तो सिंगल ५ व्होल्टवर चालायचा नाही.

क्यू ३ पुरे. १ नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, इनपुट रेझिस्टर ३४ के, ग्राउंडकडचा ४.३ के, फीडबॅकचा १३७ के, यात सेंटर ७ किलोहर्ट्झ आणि गेन २ मिळतो. ग्राउंड म्हणजे इथे अडीच व्होल्टचा बायस. कपॅसिटर सी०जी किंवा फिल्म घे, एक्स७आर लावलास तर इंजिन तापल्यावर सेंटर सरकेल.

पहिलाच_गिअर:
मधेच एक बाळबोध प्रश्न, पण ७ किलोहर्ट्झ हा आकडा येतो कुठून? सगळ्या गाड्यांना तोच असतो का?

शून्य_क्रॉसिंग:
बाळबोध नाहीये, चांगला प्रश्न आहे. नॉक म्हणजे काय, तर प्लगपासून निघालेली ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाब आणि तापमानामुळे आपोआप एकदम पेटतं. त्याने चेंबरमधला दाब एका बाजूला अचानक वाढतो आणि मग गॅस या भिंतीवरून त्या भिंतीवर हेलकावे खात राहतो. त्या हेलकाव्यांची फ्रिक्वेन्सी दोनच गोष्टींवर ठरते, गॅसमधला आवाजाचा वेग आणि बोअर. सूत्र सोपं आहे: १.८४१ गुणिले आवाजाचा वेग, भागिले पाय गुणिले बोअर. जळत्या गॅसमधे वेग सेकंदाला ९५० मीटरच्या आसपास धरतात, म्हणजे ८० मिमीला ७ किलोहर्ट्झ. बोअर मोठा तर फ्रिक्वेन्सी कमी, १०० मिमीला साडेपाचच्या आसपास येते. याच्या वरचा पुढचा मोड साधारण १.६६ पट, म्हणजे तुमच्याकडे ११.६ च्या जवळ.

हे गणित १९३० च्या दशकात चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी इंजिनाच्या नॉकवर लावून दाखवलं. हेच ड्रेपर पुढे अपोलोच्या गायडन्स सिस्टिमसाठी प्रसिद्ध झाले, म्हणजे चंद्रावर जाणाऱ्या यानाला वाट दाखवणाऱ्या माणसाने आधी पेट्रोल इंजिनाची टकटक मोजली होती.

आता उलटा_डायोड, तुमच्या मूळ दुखण्याकडे. धुरी म्हणतायत ते सगळं बरोबर आहे, ते कराच, पण ते सगळं करूनही एलईडी ३५०० च्या वर पेटलेलाच राहणार. कारण तुम्ही काय ऐकायचं ते ठरवलंय, कधी ऐकायचं ते ठरवलेलं नाही. पिस्टन स्लॅप, व्हॉल्व्ह सीटवर आपटणं, टायमिंग चेन, सगळे ब्लॉकला ठोके देतात आणि ठोक्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात, ७ किलोहर्ट्झसुद्धा. फिल्टर कितीही चांगला असला तरी व्हॉल्व्हच्या ठोक्यातलं ७ आणि नॉकमधलं ७ त्याला वेगळं कसं कळणार? आरपीएम वाढला की हे ठोके जोरात आणि जवळजवळ येतात, म्हणून बेसलाइन, म्हणजे नॉक नसतानाचा आवाज, चढत जाते.

फरक फक्त वेळेत आहे. नॉक होतो तो त्या सिलिंडरच्या टीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात वर पोचल्यानंतर) साधारण १० ते ६० डिग्रीत, बाकी वेळ तो शक्यच नाही. चार सिलिंडरला दर १८० डिग्रीला एक फायरिंग, त्यातल्या ५० डिग्री कामाच्या आणि १३० डिग्री नुसता कचरा, आणि तुमचा डायोड-कपॅसिटर हे सगळं गोळा करून ठेवतोय. त्यामुळे विंडो पाहिजे. विंडोच्या आत जमा करायचं, बाहेर शून्य. हे मायक्रोकंट्रोलरमधे सोपं जातं, तिथे एकाच फ्रिक्वेन्सीची ताकद काढणारं गोअर्टझेल नावाचं गणितही चालवता येतं.

आणि क्यू २० ने फरक का पडला नाही तेही यातच येतं. फिल्टरला ठोका बसला की तो देवळातल्या घंटेसारखा वाजत राहतो, किती वेळ ते क्यू भागिले पाय गुणिले फ्रिक्वेन्सी. क्यू ३ ला हा टाइम कॉन्स्टंट १३६ मायक्रोसेकंद, क्यू २० ला जवळपास ९०० मायक्रोसेकंद. ६००० आरपीएमला एक डिग्री म्हणजे २८ मायक्रोसेकंद, ५० डिग्रीची विंडो १.४ मिलिसेकंद. म्हणजे विंडोच्या आधी आपटलेल्या व्हॉल्व्हचा आवाज टाईट फिल्टर अर्ध्याहून अधिक विंडोभर वाजवत बसतो. शिवाय पिस्टन खाली जाताना गॅस थंड होतो, आवाजाचा वेग बदलतो, नॉकची फ्रिक्वेन्सी स्वतःच थोडी घसरत जाते, तेव्हा फिल्टर ढिलाच बरा.

पहिलाच_गिअर:
दंडवत _/\_ घंटा डोक्यात बसली.

जुना_ट्रान्झिस्टर:
एवढं सगळं मायक्रोकंट्रोलरच्या दारात नेऊन बांधायची गरज नाही हो. आम्ही ऑपअँपवरच करायचो. निम्मा प्रश्न फिक्स्ड थ्रेशोल्डचा आहे. रेक्टिफाय केलेला सिग्नल दोन वाटांनी घ्या, एकात छोटा आरसी, दुसऱ्यात मोठा, सेकंदभराचा. मोठा म्हणजे चालू आरपीएमचा सरासरी आवाज. कंपॅरेटरच्या एका पायाला छोटा, दुसऱ्याला मोठ्याच्या अडीच-तीन पट. पॉटने तेवढं गुणोत्तर सेट करायचं, आरपीएम वाढला की थ्रेशोल्ड आपोआप चढतो. साबने तर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच एपीसी म्हणून सिस्टिम आणली होती, सेन्सरने नॉक ऐकला की टर्बोचा बूस्ट कमी करायचा, टायमिंगला हातही न लावता. तेव्हा कुठे होते तुमचे गोअर्टझेल आणि फिर्टझेल.

शून्य_क्रॉसिंग:
काका, सरासरीशी तुलना ही कल्पना शंभर टक्के मान्य, ईसीयूमधेही (गाडीच्या इंजिन कंट्रोलरमधे) शेवटी तेच होतं. पण अ‍ॅनालॉगमधे दोन त्रास आहेत. नॉक सलग होत राहिला तर तो सरासरीतच मिसळतो आणि थ्रेशोल्ड वर नेतो, म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच डिटेक्टर गप्प. आणि चारही सिलिंडरला एकच सरासरी, पण सेन्सर २-३ च्या मधे असल्यावर १ आणि ४ चा आवाज मुळातच वेगळा येणार. विंडो ५५५ टायमरने करायची म्हटलं तर तिची लांबी वेळेत फिक्स होते, ५० डिग्री १००० आरपीएमला ८.३ मिलिसेकंद आणि ६००० ला १.४, कुठली सेट करणार?

जुना_ट्रान्झिस्टर:
आरपीएमप्रमाणे व्होल्टेज देऊन ५५५ चा पाचवा पाय हलवता येतो. पण असो, मुद्दा पटला, तेवढं जुळवत बसण्यापेक्षा एक कंट्रोलर स्वस्त पडतो. फक्त पोरांनी आधी स्कोपवर सिग्नल बघावा, मग कोड लिहावा, एवढंच म्हणणं.

सोल्डरची_धुरी:
अजून एक रस्ता आहे, यासाठीच बनवलेल्या तयार चिप. इंटरसिलची एचआयपी९०११ होती, ती आता बाजारातून गेल्यात जमा, पण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीआयसी८१०१ त्याच वळणाची आहे. दोन सेन्सरचे इनपुट, पुढे प्रोग्रामेबल गेन, मग बँडपास, सेंटर १.२२ ते १९.९८ किलोहर्ट्झमधे ६४ पायऱ्यांत निवडता येतो, मग फुल वेव्ह रेक्टिफायर आणि इंटिग्रेटर. सगळं एसपीआयवरून सेट होतं. आणि तिचा एक पाय म्हणजेच शून्य_क्रॉसिंग म्हणतायत ती विंडो, इंट-होल्ड. हाय केला की जमा करायला लागते, लो केला की आकडा धरून ठेवते, तो निवांत एडीसीने (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाने) वाचायचा. इंटिग्रेटरचा टाइम कॉन्स्टंट ४० ते ६०० मायक्रोसेकंद. यावरून बघ, चिप बनवणाऱ्यांनीसुद्धा विंडोला वेगळा पाय दिलाय, तिचं गणित मात्र तुझ्यावरच सोडलंय.

उलटा_डायोड:
बापरे, एवढं वाचून आधी चहा घेतला. वॉशर काढला, पेंट खरवडला, २० न्यूटन मीटर. १० के च्या जागी १ मेग. एमसीपी६०२२ मागवलाय. माझ्या इग्निशनला ३६-१ चं (३६ दातांतला एक गाळलेलं) ट्रिगर व्हील आहे, म्हणजे दर १० डिग्रीला एक दात, विंडो त्यावरूनच काढता येईल ना? आणि कंट्रोलर मोकळा आहे एक, तर तयार चिप घेऊ की सॉफ्टवेअरमधे करू?

बिट_बाय_बिट:
कंट्रोलर ३२ बिटचा असेल आणि एडीसी बऱ्यापैकी असेल तर सॉफ्टवेअरमधेच कर, बदल करायला सोपं जातं. पूर्ण एफएफटी (सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम काढणारं गणित) नको, एकाच फ्रिक्वेन्सीची ताकद पाहिजे आहे, त्याला गोअर्टझेल पुरतं. काकांना ते फिर्टझेल वाटो, पण ते १९५८ चं आहे, तुमच्या कित्येक ट्रान्झिस्टरपेक्षा म्हातारं :) ५० किलोहर्ट्झने सँपल घे, ५० सँपलचा ब्लॉक म्हणजे १ मिलिसेकंद, रेझोल्यूशन १ किलोहर्ट्झ, ७ किलोहर्ट्झ बरोबर सातव्या खणात बसतं. कोएफिशियंट १.२७५. प्रत्येक सँपलला एक गुणाकार आणि दोन बेरीज-वजाबाक्या, कंट्रोलरला घामही फुटत नाही. दुसरा गोअर्टझेल ११.६ ला चालव, दोन्हीकडे एकदम उडी दिसली तर नॉक असण्याची शक्यता जास्त.

पण एडीसीच्या आधी लोपास विसरू नकोस. सेन्सरचा स्वतःचा रेझोनन्स २५ किलोहर्ट्झच्या पुढे असतो, ५० ने सँपल केलं की ४३ वर जे काही असेल ते बरोबर ७ वर येऊन पडतं आणि तू नॉक नॉक म्हणून ओरडत बसशील. १५ किलोहर्ट्झच्या आसपास दोन पोलचा फिल्टर लाव. आणि इनपुटला सिरीज रेझिस्टर व दोन क्लँप डायोड, पान्याने टकटक करताना पिझो चांगलाच झटका देतो.

ट्रिगर व्हीलचं, हो, दातावरून कर. शेवटच्या दोन दातांमधल्या वेळेवरून मधल्या डिग्री काढता येतात. पण ते क्रँकवर आहे ना, कुठलं सिलिंडर ते कळायला कॅमचा सिग्नल लागेल. नाहीतर १ आणि ४ एका खात्यात, २ आणि ३ दुसऱ्या.

उलटा_डायोड:
कॅमवर हॉल सेन्सर आहे, सिक्वेन्शियल इग्निशन आहे.

बिट_बाय_बिट:
मग काय, मजा आहे. प्रत्येक सिलिंडरची वेगळी बेसलाइन ठेव. नवीन आकडा वजा बेसलाइन, भागिले १६, ते बेसलाइनमधे मिळव, पण आकडा थ्रेशोल्डच्या वर असेल तर मिळवूच नकोस, म्हणजे काकांच्या सर्किटमधला तो गोंधळ होणार नाही. आरपीएमप्रमाणे चार सिलिंडर गुणिले आठ-दहा खाने असं छोटं टेबल कर.

कानसेन:
कोड लिहायच्या आधी एक सोपी गोष्ट करा, रेकॉर्डिंग. ७ किलोहर्ट्झ माणसाला ऐकू येतं, साउंड कार्ड ४८ किलोहर्ट्झने रेकॉर्ड करतं, अजून काय पाहिजे? डाव्या चॅनलला बफरमधून सेन्सर, उजव्या चॅनलला ट्रिगरचा पल्स. मग ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम उघडून बघा, पल्सनंतर कुठल्या डिग्रीला काय आपटतंय ते चित्रासारखं दिसतं. सेन्सर थेट माइकच्या भोकात खुपसू नका, तिथे दोन-एक किलोओहम इंपिडन्स असतो, धुरींनी सांगितलेला तोच प्रॉब्लेम अजून वाईट होईल. आणि ट्रिगर म्हणून कॉइलचा प्रायमरी अजिबात घेऊ नका, तिथे तीन-चारशे व्होल्टची उसळी असते, लॅपटॉपला श्रद्धांजली वाहावी लागेल. कॉइल ड्रायव्हरच्या आधीचा लॉजिक पल्स घ्या, रेझिस्टरने कमी करून.

ग्रीसचे_हात:
आणि नॉक मुद्दाम करून बघणार असशील तर खालच्या आरपीएमला, मोठ्या गिअरमधे, लोडवर, टायमिंग एक-एक डिग्री पुढे नेत, सेकंद-दोन सेकंदच. वर ५००० ला प्रयोग करू नकोस, तिथे ऐकू यायच्या आधी रिंगलँड (पिस्टनच्या रिंगांमधली कड) तुटते. अजून एक, नॉक आणि प्रीइग्निशन वेगळं. प्लगच्या स्पार्कआधीच एखाद्या तापलेल्या कार्बनच्या तुकड्याने पेटलं तर टायमिंग मागे घेऊन काही होत नाही, कारण स्पार्कचा तिथे संबंधच नाही. मीटरवर रिटार्ड करूनही आकडा उतरत नसेल तर पाय काढ आणि इंजिन बंद कर.

पहिलाच_गिअर:
डिझेलला असलं काही असतं का? ते तर कायमच टकटकतं.

शून्य_क्रॉसिंग:
ती टकटक वेगळी, इंजेक्ट झालेलं डिझेल पेटायला जरा उशीर होतो आणि मग साठलेलं एकदम पेटतं. काही कॉमन रेल डिझेलमधे असाच अ‍ॅक्सिलरोमीटर असतो खरा, पण तो पायलट इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) किती जातंय ते ताळ्यावर ठेवायला. वेगळा धागा काढा, इथे नको.

जुना_ट्रान्झिस्टर:
विषय निघालाच आहे तर सांगतो, नॉकचं पहिलं इलेक्ट्रिकल मीटर बघाल तर हसाल. १९२० च्या दशकात मिजली आणि बॉइड यांनी बाउन्सिंग पिन म्हणून प्रकार काढला. सिलिंडरला एक डायफ्रॅम, त्यावर एक पिन, नॉक झाला की पिन उडून वरचे कॉन्टॅक्ट जोडायची. तो करंट पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडमधून जायचा आणि जो गॅस निघेल तो नळीत मोजायचा. जितका गॅस तितका नॉक! मंडळी, हा इंटिग्रेटरच आहे, फक्त कपॅसिटरच्या जागी अ‍ॅसिडची बाटली. मिजली म्हणजे तेच, पेट्रोलमधे शिसं घालणारे.

सोल्डरची_धुरी:
काका _/\_ हे माहीत नव्हतं. आणि पिन डायफ्रॅमवर असल्याने तिला व्हॉल्व्हची खडखड फारशी पोचत नसणार, त्यांना विंडोची गरजच नाही.

उलटा_डायोड:
अपडेट. नवीन फ्रंट एंड बसला, गोअर्टझेल चालतोय, विंडो १० ते ६०. पहिली गोष्ट म्हणजे ३५०० च्या वरचा प्रॉब्लेम गेला, बेसलाइन चढते पण सरळ चढते आणि १८०० चं पिंकिंग आता चक्क बेसलाइनच्या चार-पाच पट दिसतंय, कानाला ऐकू येण्याच्या जरा आधीच. खूप आभार सगळ्यांचे.

पण एक विचित्र दिसतंय. १ आणि ४ ची बेसलाइन २ आणि ३ पेक्षा जास्त येते. सेन्सर तर २-३ च्या मधे आहे, उलट व्हायला पाहिजे होतं ना? त्यामुळे १ आणि ४ चा खरा नॉक त्या आवाजात बुडतोय. प्लग काढून बघितले, चारही सारखे. कॅम सिग्नल उलटा वाचतोय का तेही तपासलं, बरोबर आहे.

कानसेन:
रेकॉर्डिंग टाका इथे, १ नंबरच्या विंडोचं.

उलटा_डायोड:
वर चिकटवलंय. १ च्या विंडोत ५० डिग्रीच्या आसपास दर वेळी एक ठोका आहे, नॉक असो वा नसो, आयडललासुद्धा.

शून्य_क्रॉसिंग:
सापडलं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे ना? १ चा पिस्टन फायरिंगच्या टीडीसीला असतो तेव्हा ३ चा बीडीसीला (सगळ्यात खाली) असतो, इनटेक संपत आलेला. इनटेक व्हॉल्व्ह बंद होतो बीडीसीनंतर ४० ते ६० डिग्रीला, म्हणजे बरोबर १ च्या विंडोत ३ चा इनटेक व्हॉल्व्ह सीटवर आपटतो. आणि ३ तुमच्या सेन्सरच्या शेजारी! तसंच ४ च्या विंडोत २ चा व्हॉल्व्ह. उलट ३ च्या विंडोत ४ चा आणि २ च्या विंडोत १ चा आपटतो, ते लांब आहेत म्हणून आवाज कमी. म्हणजे ज्या दोन सिलिंडरचा नॉक सेन्सरला सगळ्यात कमी ऐकू येतो, नेमक्या त्यांच्याच विंडोत सगळ्यात मोठा कचरा.

विंडो १५ ते ४० करून बघा. १५ एवढ्यासाठी की टीडीसीनंतरच्या १०-१५ डिग्रीत जोडीदाराचा (त्याच वेळी टीडीसीला असणाऱ्या दुसऱ्या सिलिंडरचा) एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असतो. नॉक सुरुवातीलाच जोरात असतो, शेपूट कापल्याने फार नुकसान नाही.

बिट_बाय_बिट:
२५ डिग्रीची विंडो म्हणजे ५० सँपलचा ब्लॉक ४००० आरपीएमपर्यंतच बसेल, त्याच्या वर ३५ घे. रेझोल्यूशन ढिलं होईल, चालतं.

उलटा_डायोड:
केलं. १ एकदम शांत झाला, बेसलाइन ३ च्या खाली गेली. ४ मधे मात्र अजून थोडं आहे, रेकॉर्डिंगमधे तो ठोका ३८ डिग्रीवर दिसतोय, बाकी सगळीकडे तो ५० च्या आसपास आहे. विंडो अजून आखडू का?

ग्रीसचे_हात:
थांब, कोडला हात लावू नकोस. ४ च्या विंडोत २ चा इनटेक व्हॉल्व्ह म्हणालात ना? तो बाकीच्यांपेक्षा लवकर बंद होतोय आणि जोरात आपटतोय. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) जास्त असेल तर नेमकं हेच होतं, कॅमच्या रॅम्पवर अलगद उतरायच्या आधीच व्हॉल्व्ह सीटवर पडतो. थंड इंजिनावर फीलर गेज लाव.

उलटा_डायोड:
लावला. २ नंबरचा इनटेक बाकीच्या तिघांच्या जवळपास दुप्पट निघाला, लॉकनट सैल होता.

ग्रीसचे_हात:
सेट कर, नट नीट आवळ. आणि त्यानंतर २ आणि ४ ची बेसलाइन शून्यापासून परत घे, जुनी टेबलं आता चालणार नाहीत.